कॉलेज बदलायचे तर मुळासकट



या आठवड्यात खताच्या मात्रेचे काही सांगत नाही आणि फवारणीचेही नाही. आज बोलायचे आहे ते घरातल्या रोपांबद्दल, म्हणजे आपल्या मुलामुलींबद्दल. दर वर्षी निकाल लागले, प्रवेश झाले, की दोन-चार महिन्यांत एक प्रश्न हमखास माझ्यापुढे येतो. "साहेब, मुलाला इथे करमत नाही, दुसऱ्या विद्यापीठात घालायचा आहे, वर्ष वाया जाईल का?" हा प्रश्न विचारताना बापाच्या चेहऱ्यावर जी काळजी असते, ती पीक पिवळे पडल्यावर असते तशीच असते. म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यायचे ठरवले.

निमित्त झाले तळवलीचे. ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या लोकलने घणसोलीला उतरले की जवळच हे गाव. गाव म्हणायचे ते सवयीने. चारही बाजूंना इमारती आणि मधे दाटीवाटीचे गावठाण. १९७० साली सिडको स्थापन झाली, नवी मुंबई वसवायला ठाणे खाडीकाठच्या गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या आणि आगरी-कोळी लोकांची भातखाचरे व मिठागरे नव्या शहराखाली गेली. तिथे एका ओळखीच्या घरी गेलो होतो. घरातले आजोबा ऐंशीच्या पुढचे. त्यांनी तरुणपणी खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत बांध घालून भात पिकवलेले. जमीन गेली तेव्हा मोबदल्याच्या पैशातून मुरबाडकडे दोन एकर घेऊन ठेवले, एवढीच काय ती शेती उरली.

त्यांची नात बारावीला विज्ञान शाखेत होती. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय. कृषी पदवीला जायचे मनात होते, पण सीईटीत गुण कमी पडले आणि घराजवळच्या कॉलेजात, मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला, वनस्पतिशास्त्र मुख्य विषय घेऊन ती दाखल झाली. पहिले वर्ष चांगल्या गुणांनी पास झाली. आता तिला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या एखाद्या महाविद्यालयात जायचे होते. आजोबांनी मला जवळ बसवून विचारले,

"सायेब, एक वरीस झाला ना पोरीचा? मंग तिकरं दुसऱ्या वरसात घ्याला काय हरकत?"

पोरगी दाराला टेकून ऐकत होती. तिच्या हातात कॉलेज सोडल्याच्या दाखल्यासाठी लिहिलेला अर्ज तयार होता. दुसऱ्या दिवशी ती तो देणार होती.

मी म्हटले, "बाबा, आधी तो अर्ज घडी घालून कपाटात ठेवायला सांगा. मग बोलू."

मंडळी, माझे सांगणे नीट ध्यानात घ्या. विद्यापीठ बदलताना वर्षे मोजली जात नाहीत, विषय मोजले जातात. एक वर्ष शिकलो म्हणजे कुठेही दुसऱ्या वर्षात बसलो, असे होत नाही. नवे विद्यापीठ पाहते ते एवढेच, की आमच्या पहिल्या वर्षात जे शिकवले ते या मुलाने शिकले आहे का?

वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्षी मुलगी वनस्पतींचे वर्ग, पेशी, शेवाळे, बुरशी असे शिकली. कृषी पदवीच्या पहिल्या वर्षी काय असते? कृषिविद्येची मूलतत्त्वे, मृदाशास्त्राची मूलतत्त्वे, उद्यानविद्येची मूलतत्त्वे, ग्रामीण समाजशास्त्र. यातले तिने काय केले? फार थोडे. शिवाय दुसऱ्या वर्षाचे विषय या पहिल्या वर्षाच्या पायावर उभे असतात. ज्याने मातीचा सामू म्हणजे काय हे शिकले नाही, त्याला क्षारपड जमीन सुधारण्याचा धडा कसा समजणार? अमुक विषय घ्यायचा तर त्याआधी तमुक झालेला हवा, यालाच पूर्वअट म्हणतात. ही अडवणूक नव्हे. नांगरट, कुळवणी न करता पेरणी करू नये असे आपण म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

दुसरी गोष्ट, कृषी पदवीचे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत एकत्रित होतात. त्यासाठी सीईटी द्यावी लागते. बाहेरून येणाऱ्याला थेट मधल्या वर्षात बसवण्याची वाट तिच्यासारखीला नाही. म्हणजे तिला कृषीला जायचे तर पुन्हा सीईटी आणि पुन्हा पहिले वर्ष. पदवी चार वर्षांची, आठ सत्रांची. हे स्पष्ट सांगितल्यावर घरात थोडा वेळ कुणी बोलले नाही.

ही पूर्वअट कॉलेजात सुरू होत नाही. तिचे बी अकरावीतच पडते. कृषी पदवीला भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र लागते आणि त्यासोबत गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक चालते. पण कृषी अभियांत्रिकीला गणित हवेच. अकरावीत गणित अवघड म्हणून सोडले आणि पुढे ट्रॅक्टर, ठिबक, पंप यांची आवड निर्माण झाली, तर ते दार बंद असते. म्हणून मुलाचा विषय सोडण्याआधी त्या विषयावाचून पुढे काय काय बंद होते, ते विचारून घ्या.

विद्यापीठेही काही वेळा राहिलेले भरून काढायची सोय ठेवतात. देशातल्या कृषी विद्यापीठांसाठी पाचव्या अधिष्ठाता समितीने जो अभ्यासक्रम आखला, त्यात गणित घेऊन आलेल्याला पहिल्या सत्रात जीवशास्त्राची ओळख आणि जीवशास्त्र घेऊन आलेल्याला प्राथमिक गणित शिकवायची योजना केली. पदव्युत्तर वर्गातही पदवीला न झालेले काही विषय विद्यार्थ्याला जादा करायला लावतात. म्हणजे कमतरता असणे हा गुन्हा नाही. मात्र ती भरायला वेळ आणि श्रम द्यावे लागतात, आणि हे आधी माहीत असलेले बरे.

मग कॉलेज बदलणे केव्हा सोपे? विषय तोच असेल तेव्हा. आपल्या राज्यात चार कृषी विद्यापीठे आहेत. राहुरीचे १९६८ सालचे, अकोल्याचे १९६९ सालचे, परभणीचे आणि दापोलीचे १९७२ सालचे. चारही ठिकाणी कृषी पदवीचा गाभा सारखा आहे. अशा वेळी बदली मागताना विषयांची अडचण कमी येते. तरीही जागा रिकामी असावी लागते, मागचे विषय सुटलेले असावे लागतात, दोन्हीकडची संमती लागते आणि त्या वर्षीच्या नियमात बसावे लागते. वनस्पतिशास्त्राची मुलगी मुंबई विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्रालाच गेली, तर तिचेही बरेचसे विषय जुळतील.

अलीकडे एक नवी सोय झाली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, जुलै २०२१ मध्ये, श्रेयांकांची बँक सुरू झाली. विद्यार्थी जो विषय पास होतो त्याचे श्रेयांक त्याच्या खात्यात जमा होतात आणि ठरावीक मुदतीपर्यंत, जास्तीत जास्त सात वर्षे, ते वापरता येतात. सोय चांगली आहे. पण लोकांचा समज असा होतो, की खात्यात जमा आहे म्हणजे कुठेही चालते. तसे नाही. तुमच्या कणगीत भात भरपूर आहे, पण शेजाऱ्याला बियाणे हवे आहे ते नाचणीचे. भात कितीही असले तरी त्याचा उपयोग काय? श्रेयांक जमा असणे वेगळे आणि नव्या अभ्यासक्रमाने ते मान्य करणे वेगळे.

इथे मला आपल्या वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजे यांची आठवण होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा तरुण देश सोडून अमेरिकेत गेला, गदर चळवळीत उतरला आणि त्याच धामधुमीत शेतीही शिकला. वॉशिंग्टन स्टेट कॉलेजातून त्यांनी १९१३ साली पदवी घेतली. पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत १९२४ पासून शिकवले आणि मक्यावर मोठे काम केले. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना रंगवले, आणि २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळाही उभा राहिला. या माणसाने गाव बदलले, देश बदलला, भाषा बदलली, पण पीक आणि माती हा विषय सोडला नाही. म्हणून आधी शिकलेले पुढे कामाला आले.

आता कामाच्या गोष्टी सांगतो. कात्रण काढून ठेवा.

पहिली गोष्ट, नवी जागा पक्की झाल्याशिवाय जुन्या कॉलेजाचा दाखला काढू नका. माझ्या पाहण्यातल्या एका मुलाने दाखला आधी काढला. नव्या ठिकाणी विषय जुळेनात, जुन्या ठिकाणी जागा गेली. तो मुलगा वर्षभर घरी बसला. हुशार पोर, पण उमेद गेली ती गेलीच. प्रवेश झाल्यावर दाखला द्यायला किती दिवस मिळतात, ते मात्र आधीच विचारून ठेवा.

दुसरी, झालेल्या प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम छापील स्वरूपात घ्या आणि त्यावर कॉलेजाचा सही-शिक्का घ्या. नुसत्या गुणपत्रकावर विषयाचे नाव असते, आत काय शिकवले ते नसते. विषय जुळतो की नाही, हे या कागदावरून ठरते.

तिसरी, विद्यापीठ बदलताना जुन्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र लागते आणि नवे विद्यापीठ पात्रता तपासते. त्याला वेळ लागतो. अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

चौथी, दहावीच्या प्रमाणपत्रापासून सगळीकडे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव एकसारखे आहे ना, ते पाहा. एका अक्षराच्या फरकाने मुले खेटे घालताना मी पाहिली आहेत.

पाचवी, शिष्यवृत्ती चालू असेल तर अभ्यासक्रम बदलल्यावर ती राहते की जाते, हे आधी विचारा. मुलींसाठी २०२४ साली राज्य शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांत फीमाफीचा निर्णय घेतला आहे. घराचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असावे लागते आणि प्रवेश केंद्रीय पद्धतीने झालेला असावा लागतो. आपण त्यात बसतो का, ते तपासा.

सहावी आणि सगळ्यात महत्त्वाची, तोंडी उत्तरावर घर चालवू नका. "होऊन जाईल हो" असे सांगणारा माणूस पुढच्या महिन्यात त्या टेबलावर असेलच असे नाही. त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा आणि शंका असेल तर लेखी विचारून लेखी उत्तर घ्या.

कृषी प्रवेशात शेतकऱ्याच्या मुलांना सातबाऱ्यावर जादा गुण देण्याची पद्धत राहिली आहे, हेही मी त्या घरी सांगितले. यंदा नियम काय आहे तो पुस्तिकेत पाहा म्हटले. आजोबा हसले, पण ते हसू काही वेगळेच होते. "आमचा सातबारा सिडकोत गेला," म्हणाले. मग मुरबाडच्या दोन एकरांची आठवण झाली आणि स्वतःच उठून पत्र्याच्या पेटीतून तो उतारा काढून आणला. नातीच्या हातात देताना कागद दोनदा पुसला.

शेवटी ठरले असे. मुलीने वनस्पतिशास्त्राचे दुसरे वर्ष चालू ठेवायचे आणि त्याच वर्षी सीईटीची तयारी करायची. गुण आले तर कृषीच्या पहिल्या वर्षाला जायचे. दोन वर्षे मागे पडल्यासारखी वाटतील, पण पाया नव्याने पक्का होईल. नाही आले, तर वनस्पतिशास्त्राची पदवी पुरी करून त्यातच पुढे शिकायचे. पनवेलला खार जमिनीवरच्या भाताचे संशोधन चालते. आजोबांनी खाऱ्या जमिनीत पिकवले, नात त्याच भाताचा अभ्यास वनस्पतीच्या अंगानेही करू शकेल. दोन्ही वाटा तिला पसंत पडल्या. निर्णय तिने स्वतः घेतला, हे मला विशेष वाटले.

निघताना आजोबा दारापर्यंत आले. अर्धे आयुष्य भाताची लावणी केलेला माणूस. म्हणाले,

"समाजला सायेब. लावाला खाचर तयार नाय, तवर आवन उपटाचा नाय. मूठ बांदून बांदावर ठेवला का सुकतंच."

मंडळी, मी पाऊण तास जे बोललो ते बाबांनी दोन वाक्यांत सांगितले. भाताचे रोप २१ ते २५ दिवसांचे झाले की आपण काढतो, पण काढण्याआधी चिखलणी झालेली असते. रोप चार दिवस उशिरा लावले तरी तग धरते. बांधावर पडून राहिलेले मात्र वाचत नाही. मुलांच्या बाबतीतही एवढेच सांभाळा.

तुमच्या घरी असा प्रश्न असेल तर मुलाचे झालेले विषय आणि जायचे ठिकाण, दोन्ही लिहून या पत्त्यावर पत्र टाका. पुढच्या आठवड्यात भेटू. तोवर रामराम.