म्हणे दागिन्यांची डबी!

माझं तसं कुणाशी वैर नाही. शेजारच्यांचा कुत्रा, वरच्या मजल्यावरचा मिक्सर आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी या तिघांनाही मी क्षमा करून बसलो आहे. पण एका वस्तूचं नाव काढलं की माझं रक्त तापतं. ती म्हणजे सीडी ठेवायची पारदर्शक प्लॅस्टिकची डबी. इंग्रजीत तिला ‘ज्यूएल केस’ म्हणतात. म्हणजे दागिन्यांची डबी! आमच्याकडे सोनार दोन ग्रॅमचं मंगळसूत्र ज्या डबीत देतो, तिचं झाकण तीन पिढ्या निघत नाही. या डबीचं झाकण दुकानातून घरी येईपर्यंत टिकलं तर शेजाऱ्यांना पेढे वाटावेत.

तुमच्याही घरी असतीलच. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, जुन्या दिवाळी अंकांच्या मागे. एक काढून बघा. झाकणाला दोन बाजूंना दोन बारके कान, आणि त्यांवर सगळा डोलारा. जगात मोडायला सर्वांत सोपी जागा कुठली हे आधी शोधून काढून बिजागरी नेमकी तिथेच बसवलेली. डबी हातातून सुटली की जमिनीवर आधी हा कान टेकतो. मग झाकण एकीकडे, बूड दुसरीकडे, आणि तुम्ही सोफ्याखाली पालथे!

गंमत अशी, की आत राहणारी सीडी मोठी खमकी. ती पॉलिकार्बोनेटची, म्हणजे हेल्मेटच्या पुढची काच करतात त्या प्लॅस्टिकची. आणि डबी पॉलिस्टायरिनची. गणपतीच्या मखराचा थर्मोकोल म्हणजे हेच पॉलिस्टायरिन, फक्त फुगवलेलं. पैलवानाच्या रक्षणाला पापड उभा केला आहे! सीडीची जाडी 1.2 मिलीमीटर, डबीची 10. शंभर सीड्या नुसत्या एकावर एक ठेवल्या तर 12 सेंटिमीटर, डब्यांसकट ठेवल्या तर एक मीटर. बिऱ्हाडकरूपेक्षा घरच मोठं; आणि एवढं मोठं घर असून ते बिऱ्हाडकरूचा गळा आवळतं.

हो, गळाच. हसू नका, हा विनोद नाही. डबीच्या मधोमध ते दातांचं कडं असतं ना, त्यात सीडीचं 15 मिलीमीटरचं भोक गच्च बसतं. काढायची रीत अशी, की बोटाने दात दाबायचे आणि मग कडेने अलगद उचलायची. ही रीत कोण पाळतं? सगळे कडेला धरून ओढतात. सीडी कोकणातल्या पोह्याच्या पापडासारखी वाकते, टक् आवाज होतो आणि ती सुटते. कधी दात तुटतो. दात तुटला तर नशीब समजा. कारण दात तुटला नाही, तर तडा जातो सीडीला.

आमच्या घरी तो एका विशिष्ट सीडीला गेला. 1986 साली माझ्या आत्याने आईला जात्याजवळ बसवून तिच्या ओव्या कॅसेटवर घेतल्या होत्या. मागे कुकरची शिट्टी आहे, मध्येच आई “दूध उतू जातंय का बघा गं” म्हणते तेही आहे. आई 1997 साली गेली. 2004 साली माझ्या भाच्याने ती कॅसेट संगणकावर घालून तिची सीडी करून दिली. पुढे एका पावसाळ्यात कॅसेटला बुरशी आली. म्हणजे आईचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला : या तथाकथित दागिन्यांच्या डबीत.

गेल्या पितृपक्षात ती काढली, तर भोकापासून निघालेली एक बारीक रेघ. मी केस समजून फुंकर मारली. केस नव्हता.

आता, आपली जुनी तबकडी बाहेरून आत वाजते. सीडी आतून बाहेर वाजते. कुठलं गाणं कुठे आहे याची अनुक्रमणिकाच सगळ्यांत आत, भोकाजवळ असते. तिथवर तडा पोचला की बाहेरच्या ओव्या कितीही धडधाकट असोत, यंत्राला घराचा दरवाजाच सापडत नाही. आमचा तडा अनुक्रमणिकेपासून तांदळाच्या दाण्याएवढा अलीकडे थांबला होता. भाच्याला त्याच रात्री बोलावलं.

“मामा, अरे सीडी आता कोण ठेवतं? सगळं क्लाउडमध्ये असतं. ढगात!”

“मेल्या, तुझी आजी ढगात गेलीच आहे. तिचा आवाज तरी खाली राहू दे,” मी म्हटलं. तो हसला नाही. त्याच्या लॅपटॉपला सीडी घालायची फटच नव्हती, म्हणून मित्राकडून वेगळं यंत्र आणलं आणि तीन प्रती काढल्या. कुकरच्या शिटीसकट.

दुसऱ्या दिवशी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. बाजारातले पर्याय पाहून झाले होते. चेनच्या पाऊचात वाळूचा एक कण शिरला की प्रत्येक वेळी काढताना सीडी पॉलिश पेपरवर घासल्यासारखी निघते. मऊ पीव्हीसीचे पाकीट कालांतराने सीडीला चिकटतं. विचार करता करता नजर स्वयंपाकघरात गेली आणि मी जागच्या जागी उडालो. ताटाळं! पिढ्यानपिढ्या आपली ताटं कडेवर उभी राहतात, एकमेकांना घासत नाहीत, हवी ती एका हाताने निघते. ताटाला मधोमध भोक पाडून खुंटीवर ठोकायची बुद्धी आपल्या एकाही आजीला झाली नाही. आणि 1982 साली जपानात सीडी विकायला काढणाऱ्या शहाण्यांना मात्र ताटाळं सुचू नये?

सुताराला चित्र दाखवलं. चाळीस खाचांची लाकडी पेटी, तळाला फेल्ट, प्रत्येक सीडी पॉलिप्रॉपिलिनच्या साध्या पाकिटात उभी, वर झाकण आणि पितळी कडी-कोयंडा. मोडलं तर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळेल असंच सगळं. त्याने चित्र उलटसुलट पाहिलं.

“साहेब, एवढुशी ताटं? नातीची भातुकली का?”

मी त्याला वरचं सगळं व्याख्यान ऐकवलं. त्याने पाटीवर खाचांचा हिशेब मांडत शांतपणे ऐकलं आणि पैसे वाढवून सांगितले.

घरी मात्र माझ्या क्रांतीचं स्वागत थंडच झालं. “अहो, डबीला शिव्या देताय, पण सीडी बसवताना तळहाताने दाण्कन दाबायचं कोण? आणि तिच्यावर बॉलपेनने ‘आईच्या ओव्या’ असं ठासून लिहिलंय कोणी? अक्षर तर तुमचंच आहे.”

हा घाव वर्मी बसला. कारण सीडीचा तो चकाकता थर छापील बाजूलाच, लाखेच्या पातळ पापुद्र्याखाली असतो. खालची बाजू आपण बाळासारखी जपतो आणि वरच्या बाजूला पत्ता लिहितो. पण मी म्हणतो, बॉलपेनाचा गुन्हा माझा, कबूल. भोकाजवळचा तडा माझा नाही. तळहाताने दाबल्याशिवाय जी बसतच नाही ती डबी करावी कशाला? चोराला किल्ली द्यायची आणि वर घरमालकाला झोपाळू म्हणायचं!

पेटी होऊन आता चार महिने झाले. पहिल्या खाचेत तडा गेलेली मूळ सीडी आहे, तिला मी वाजवत नाही. दुसऱ्या खाचेत प्रत. ती दर रविवारी सकाळी लागते, आणि “दूध उतू जातंय का” या वाक्याला बायको दरवेळी गॅसकडे बघते. सीड्या एकूण तेवीसच निघाल्या, बाकी खाचा रिकाम्या. परवा अठ्ठाविसाव्या खाचेत विजेचं बिल सापडलं.

“घडी घालून अगदी मापात बसतं हो,” ती म्हणाली. “मिळतंही पटकन.”