ठिपका म्हणजे घर नव्हे



२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या ६५,३१,२०० नोंदली गेली. कागदावर हा आकडा एका ओळीत संपतो. परंतु शंभर माणसांमागे एक ठिपका, या हिशेबाने तो नकाशावर मांडला, तर ६५,३१२ ठिपके उमटतात. आणि आपण कोठे दाट आहोत व कोठे विरळ, हे ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही उमगते. अख्खा जिल्हा एका रंगाने रंगविणारा नकाशा जमिनीला महत्त्व देतो. ठिपक्यांचा नकाशा माणसांना महत्त्व देतो.

हे सामर्थ्य आज सरकारी कचेरीपुरते राहिलेले नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि त्याला जोडावयाचे पोस्टजीआयएस, ही दोन्ही साधने विनामूल्य मिळतात. तालुक्यांच्या हद्दी एका तक्त्यात, जनगणनेचे आकडे दुसऱ्या तक्त्यात, आणि दोहोंना जोडणारा जनगणनेचा संकेतांक, एवढीच सामग्री लागते. मग एसटी_जनरेटपॉइंट्स या आज्ञेला हद्द व संख्या दिली, की तितके ठिपके त्या हद्दीच्या आत पडतात. आपल्या घरातील संगणक शिकणाऱ्या मुलामुलींना हे काम सहज साधेल.

परंतु हे ठिपके पडतात कसे? यदृच्छेने! म्हणून वकिलाच्या नात्याने मी आपणांस सावध करतो. ठिपका हा साक्षीदार नव्हे. शंभर माणसे त्या तालुक्यात कोठेतरी राहतात, एवढेच तो सांगतो. तो जंगलात पडेल, धरणाच्या पाण्यावरही पडेल. जनगणनेचे धर्मनिहाय आकडे तालुका व शहर यांपर्यंतच प्रसिद्ध झाले आहेत. गावनिहाय गोषवाऱ्यात अनुसूचित जाती-जमातींची संख्या आहे, धर्माची नाही. अशा आकड्यांवरून काढलेला नकाशा स्मशानभूमीच्या वाटेच्या किंवा पाण्याच्या मागणीला जोडाल, तर प्रतिपक्ष पहिल्याच प्रश्नात तो निकालात काढील. तेथे वस्तीची घरोघर मोजणीच हवी.

दुसरा धोका याहून मोठा आहे. ज्या हद्दीत साठच बौद्ध आहेत, तेथे साठाला शंभराने भागून अपूर्णांक टाकून दिला, की एकही ठिपका पडत नाही. नकाशा पाहणारा म्हणेल, येथे कोणीच नाही. जे संख्येने थोडे, तेच अन्यायाला अधिक उघडे. आणि तेच प्रथम पुसले जातात! म्हणून अशा ठिकाणी एका ठिपक्यामागील माणसे कमी धरा, आणि एक ठिपका म्हणजे किती माणसे व आकडे कोणत्या पातळीचे, हे नकाशावरच ठळक लिहा.

शेवटी, ठिपका आज्ञेतून नव्हे, नोंदीतून जन्मतो. येत्या जनगणनेचा संदर्भदिन देशाच्या बहुतांश भागासाठी १ मार्च २०२७ हा ठरला आहे. प्रगणक दारी येईल तेव्हा धर्म ‘बौद्ध’ असे स्पष्ट सांगा, आणि अनुसूचित जातीची नोंदही बिनचूक करवून घ्या. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही तो दर्जा मिळालेला आहे. दोन्ही नोंदी एकत्र राहू शकतात. आपण काय सांगितले आणि त्याने काय लिहिले, हे पडताळून मगच त्याला निरोप द्या. जी नोंद झाली नाही, तिचा ठिपका कोणताही संगणक पाडू शकणार नाही.