गारगोटीची धूळ

चोपड्याहून एका गृहस्थांनीं विचारलें आहे कीं, त्यांचा पुतण्या तेलविहिरींवर काम करणाऱ्या एका कंपनींत इंजिनिअर म्हणून नुकताच रुजू झाला आहे. तेथें वाळूच्या धुळीनें छाती बिघडते असें कोणीं सांगितल्यापासून घरांतील वडील मंडळी धास्तावली आहे. तर ही भीति कितपत खरी?

भीति खरी आहे. मात्र ती एकट्या पुतण्यापुरती धरूं नये, असें आम्हांस वाटतें.

तापीच्या वाळूंत मुलें खेळतात, म्हणून त्यांस हा विकार जडत नाहीं. वाळूचा मोठा कण फुप्फुसाच्या खोल भागांत पोंचतच नाहीं. गारगोटीचा दाणा फुटून त्याचें केसाच्या जाडीहूनहि कित्येक पट बारीक पीठ झालें म्हणजे मात्र तें थेट तळाशीं जातें, तेथें व्रण करतें, आणि तो भाग कायमचा कठीण होतो. हाच सिलिकोसिस. तो बरा करणारें औषध अद्यापि निघालेलें नाहीं. क्षयाची बाधाहि अशा छातीस लवकर होते. उलट, पुष्कळदां क्षय समजूनच नुसते उपचार चालूं राहतात. डोळ्यांस दिसणारी धूळ खालीं बसते. घातक ती न दिसणारी.

खोल खडकांतून तेल वा वायु सहज निघेना, म्हणजे प्रचंड दाबाचें पाणी सोडून खडकास भेगा पाडतात आणि त्या मिटूं नयेत म्हणून त्यांत वाळू भरतात. ही वाळू मालमोटारींतून हवेच्या झोतानें कोठींत, तेथून पट्ट्यावर, पट्ट्यावरून मिश्रणयंत्रांत जाते. जेथें जेथें पडते तेथें तेथें धुरळा उठतो. अमेरिकन सरकारनें २०१२ सालीं याविषयीं इशारा प्रसिद्ध केला. ११ ठिकाणच्या हवेचे ११६ नमुने तपासले, तों जवळजवळ निम्म्यांत धूळ तेव्हांच्या कायदेशीर मर्यादेहून अधिक, आणि कांहींत दहापट वा त्याहूनहि अधिक निघाली ! अर्ध्या चेहऱ्याच्या मुखवट्याचा भरंवसा दहापटीपर्यंतच. मग नाकास बांधलेल्या रुमालाची कथा काय? सर्वांत अधिक धूळ वाळूची कोठी व पट्टा चालविणाऱ्यांच्या वांट्यास आली.

अशा मजुराची कोणीं चौकशी केली नाहीं म्हणजे काय होतें, हें पाहण्यास चोपडेकरांनीं अमेरिकेस जावयास नको. अलीराजपूर, झाबुवा, धार या भागांतील आदिवासी, चोपड्याच्या बाजारास सातपुड्यांतून उतरणाऱ्या पावरा-बारेला मंडळींसारखेच डोंगरकरी, गोध्रा-बालासिनोरकडे गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत मजुरीस गेले. तेथें फार वर्षें न राहतांहि कित्येक छाती गमावून परतले. त्यांपैकीं २३८ मृतांच्या वारसांस प्रत्येकीं ३ लाख रुपये द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें गुजरात सरकारास दिला, तो २०१६ सालीं.

तेव्हां पुतण्यास पत्र लिहाल त्यांत पगाराची व जेवणाची चौकशी झाल्यावर हेंहि विचारा : वाळूच्या कोठीचीं झांकणें बंद असतात काय ? धूळ ओढून घेणाऱ्या पिशव्या बसविल्या आहेत काय ? पट्ट्यावरून वाळू किती उंचीवरून पडते ? मुखवटा हा शेवटचा उपाय. आणि तोहि दाढीवर घट्ट बसत नाहीं. (रोज दाढी करण्याचा वडिलांचा उपदेश आजवर मानला नसल्यास आतां तरी मानावा !) कामाचे कपडे झोताच्या हवेनें झटकूं नयेत, घरच्या धुण्यांतहि आणूं नयेत.

आणखी एक गोष्ट त्याच्या हातीं असेल तर ती त्यानें आधीं करावी. ठेकेदाराचा मजूर आज या विहिरीवर, तर उद्यां दुसऱ्या. कामावर घेतांना व पुढें ठराविक मुदतीनें त्याच्या छातीचा क्ष-किरण फोटो काढून, त्याची एक प्रत, काम केल्याच्या दाखल्यासह, त्या मजुराच्याच स्वाधीन करावी. भरपाई मागण्याची पाळी आली म्हणजे आपण कोठें राबलों हेंच असल्या माणसांस बहुधा सिद्ध करतां येत नाहीं.