मेडिकल कोडिंग आणि ‘फार्मसी टेक्निशियन’: जुन्नर-आंबेगावकरांनी फी भरण्याआधी काय बघावं?

बारावी सायन्स किंवा बी.एस्सी. झालं की जुन्नर-आंबेगावातल्या घरांत पुढचा प्रश्न ठरलेला असतो: पोराला पुण्याला पाठवायचं, की इथंच काहीतरी शिकवायचं? त्यावर हल्ली दोन नावं एका दमात ऐकू येतात, मेडिकल कोडिंग आणि फार्मसी टेक्निशियन. दोन्ही ‘आरोग्य क्षेत्रातले जॉब-ओरिएंटेड कोर्स’ म्हणून एकत्र विकले जातात. प्रत्यक्षात एका कामाला भारतीय कायद्याचं कुंपण आहे, आणि दुसरं जवळजवळ सगळं अमेरिकेच्या विमा व्यवस्थेवर उभं आहे.

फार्मसीचं आधी उरकू, कारण ते सरळ आहे. ‘फार्मसी टेक्निशियन’ हे मुळात अमेरिकेतलं पद. तिथं हा माणूस फार्मासिस्टच्या देखरेखीखाली गोळ्या मोजतो, लेबल लावतो, विम्याचं बिल करतो. भारतात या नावाने कुठलीही कायदेशीर नोंदणी होत नाही. फार्मसी कायदा १९४८ च्या कलम ४२ प्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध देणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं काम. ती नोंदणी हवी तर किमान डी.फार्म. लागतं: दोन वर्षांचा अभ्यास आणि वर ५०० तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग. २०२२ मध्ये फार्मसी कौन्सिलने डी.फार्म. नंतर एक्झिट परीक्षेचा नियमही आणला.

मग काही महिन्यांचा असिस्टंट कोर्स फुकट गेला का? तसंही नाही. स्टॉक लावणं, एक्स्पायरी बघणं, इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवणं, बिलिंग, ही खरी कामं आहेत आणि मेडिकल दुकानांना माणसं लागतातच. फक्त त्या सर्टिफिकेटवर स्वतःचं दुकान टाकता येत नाही, हे फी घेणाऱ्याने आधी सांगायला हवं. शिवाय डी.फार्म. साठी लांब जायचीही गरज नाही. कुरण, बेल्हे, आळे इथं फार्मसी कॉलेजं आहेत. नव्या कॉलेजांवरची बंदी सुप्रीम कोर्टात सप्टेंबर २०२२ मध्ये टिकली नाही, त्यानंतर राज्यात कॉलेजं वाढली. त्यामुळे कुठलंही असो, त्या वर्षाची मंजुरी कौन्सिलच्या यादीत आहे का, एवढं तपासून घ्या.

आता कोडिंग. यातलं ‘कोडिंग’ म्हणजे प्रोग्रामिंग नव्हे. अमेरिकेत पेशंट बघून झाल्यावर डॉक्टर जे लिहितो, ते वाचून आजाराचा आणि उपचाराचा ठरावीक कोड लावायचा. त्यावरून विमा कंपनी पैसे देते. आजारासाठी आयसीडी-१०-सीएम ही यादी २०१५ पासून वापरात आहे, तिच्यात ७०,००० हून जास्त कोड आहेत. डॉक्टरांनी केलेल्या तपासण्या आणि प्रोसीजरसाठी सीपीटी.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. बिबट्याने उजव्या हाताला, कोपराखाली चावा घेतला. पहिला कोड जखमेचा: एस५१.८५१ए. त्यातला शेवटचा आकडा उजवा हात सांगतो आणि ‘ए’ म्हणजे उपचार सुरू आहेत. जखम भरत आल्यावर पेशंट नुसता तपासणीला आला तर ‘ए’ चा ‘डी’ होतो. दुसरा कोड कारणाचा: डब्ल्यू५५.८१एक्सए, ‘इतर सस्तन प्राण्याचा चावा’. यादी अमेरिकेची, त्यामुळे रॅकूनला स्वतंत्र कोड आहे आणि बिबट्या ‘इतर’ मध्ये. जुन्नरच्या माणसाने यादी केली असती तर उलटं झालं असतं.

हे पाठांतराने जमत नाही. ओपीडीच्या कागदावर ‘रूल आउट न्यूमोनिया’ लिहिलं असेल, तर न्यूमोनियाचा कोड लावायचा नाही, खोकल्याचा लावायचा. कारण तो अजून नुसता संशय आहे. तोच पेशंट ॲडमिट झाला आणि डिस्चार्जच्या कागदावर ‘प्रोबेबल न्यूमोनिया’ राहिलं, तर मात्र न्यूमोनियाचा कोड चालतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला शरीररचना समजते, अडतं ते डॉक्टरी इंग्रजीच्या या तुटक भाषेत. चांगल्या ट्रेनिंगचा अर्धा वेळ त्यावरच जायला हवा.

या क्षेत्रातली ओळखीची परीक्षा म्हणजे सीपीसी: १०० प्रश्न, चार तास, पास व्हायला ७० टक्के, कोडची पुस्तकं जवळ ठेवून. ती अमेरिकेतली एएपीसी ही संस्था घेते. कॉलेजचं किंवा क्लासचं सर्टिफिकेट ही वेगळी गोष्ट. अनुभव नसताना पास झालात तर नावापुढे ‘सीपीसी-ए’ लागतं, म्हणजे शिकाऊ. ‘१०० टक्के प्लेसमेंट’ म्हणणाऱ्याला विचारा, गेल्या बॅचचे किती जण सीपीसी झाले आणि किती जण कोडिंगवर आहेत, किती नुसत्या बिलिंगच्या कॉल सेंटरला.

सगळ्यात मोठी अडचण आता एआयची आहे. एक्स-रे, साध्या लॅब टेस्ट असं तेच-ते काम सॉफ्टवेअर स्वतः वाचून कोड सुचवतं. आणि नवख्याला पहिल्या वर्षी हेच काम मिळायचं. कोडिंग संपेल असं मला वाटत नाही. नाकारलेले क्लेम तपासणं, ऑपरेशनचे लांब रिपोर्ट, मशीनने लावलेल्या कोडचं ऑडिट याला माणूस लागेल. पण ऑडिट करायला आधी अनुभव हवा, आणि शिडीची खालचीच पायरी काढून घेतली जातेय. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये परदेशी आउटसोर्सिंगच्या पैशांवर २५ टक्के कर लावण्याचं विधेयक मांडलं गेलं. इतक्या लांबच्या राजकारणावर मंचरच्या पोराचा पगार टांगलेला असणं, हा या करिअरचा भाग धरूनच चालावं लागेल.

म्हणून कॉलेजांनी हा विषय पदवीसोबत शिकवावा, पदवीऐवजी नव्हे. आणि नुसती अमेरिका शिकवू नये. आपल्याकडच्या कॅशलेस क्लेमच्या फॉर्ममध्येही आयसीडी-१० कोड भरावा लागतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार पॅकेजप्रमाणे मंजूर होतात, तिथंही कागद नीट नसले की क्लेम अडकतो. नारायणगाव-मंचरच्या हॉस्पिटलांतल्या क्लेम डेस्कवर दोन महिने बसलेल्या मुलाला पुण्यातल्या मुलाखतीत सांगण्यासारखं काहीतरी असेल. पगार सुरुवातीला कमीच मिळेल, पण घरभाडं वाचतं.

टोमॅटोचे पैसे हातात आले म्हणून पूर्ण फी एकदम भरू नका. एक दिवस वर्गात बसू द्या म्हणा, आणि शिकवणाऱ्याला ‘रूल आउट न्यूमोनिया’ला कुठला कोड लावायचा ते विचारा. उत्तरात त्याने ‘ओपीडी की ॲडमिट?’ असं उलट विचारलं, तर पुढचं बोलायला हरकत नाही.