वरचा पगार खालच्या बाईशी बांधा

अंबरनाथला आमच्या चाळीत एक अंगणवाडी मदतनीस राहते. घरोघर जाऊन पोरं गोळा करायची, खाऊ वाटायचा, झाडलोट करायची. 4 डिसेंबर 2023 पासून राज्यभर अंगणवाडीच्या बायांचा संप झाला, त्यात तीही होती. तेव्हा तिला महिन्याला 5,500 रुपये मिळत. मी ‘तुझा पगार’ म्हटलं, तर ती म्हणाली, “ताई, आमच्या पैशाला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात.”

मैत्रिणींनो, सगळी मेख या शब्दात आहे. सातव्या वेतन आयोगाने 2016 पासून किमान मूळ पगार 18,000 धरला. मुख्य सचिवाचा 2,25,000. म्हणजे साडेबारा पट. फार वाटत नाही. पण हा हिशेब शिपायापाशी थांबतो. त्याच्या खाली उभी असलेली बाई ‘मानसेवी’ म्हणून धरलीच जात नाही. तिला धरलं, तर संपाच्या वेळचा फरक चाळीस पट भरतो. दोघांचेही पैसे सरकारी तिजोरीतलेच.

वरच्या पगाराला मर्यादा हवी, ही मागणी जुनी आहे. 1930 साली गांधीजींनी व्हाइसरॉयला पत्र लिहून त्याच्या महिना 21,000 रुपये पगारावर बोट ठेवलं. 1931 च्या कराची काँग्रेसने सरकारी नोकराला सहसा 500 रुपयांवर पगार नको, असा ठराव केला. उलट 1937 साली मुंबई विधानसभेत बाबासाहेबांनी मंत्र्यांच्या 500 रुपये पगाराला विरोध केला. अपुऱ्या पगारात कारभाराची लायकी आणि सचोटी टिकत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. मला तो पटतो. पण मग तो मुलं सांभाळणाऱ्या बाईलाही लागू नको का?

म्हणून मी ठरावीक रक्कम मागत नाही, प्रमाण मागते. सर्वांत वरचा पगार सर्वांत खालच्या बाईच्या दहापटीवर नको. साहेबांना 2,25,000 हवेत? जरूर घ्या. मदतनिसाला 22,500 द्या.

2022 साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडीच्या बायांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. 2024 मध्ये राज्याने मानधन वाढवलं, पण ते मानधनच राहिलं. 2025 मध्ये केंद्राने आठवा वेतन आयोग नेमला, न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली. केंद्राच्या मागून राज्याचे पगारही वाढतात. तेव्हा उल्हासनगरच्या कॅम्पांतून, अंबरनाथ-बदलापूरच्या वस्त्यांतून प्रत्येक महिला मंडळाने आयोगाला एक पत्र टाकावं: आधी आम्हाला हिशेबात धरा, मग वरचा आकडा ठरवा.