माल्टाला चार दिवस, श्रीरंगपट्टणला चाळीस मिनिटं!

भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर सुटी घालवायची ठरली, की घरातलं वातावरणच बदलतं. व्हिसाचे कागद, विमानाची तिकिटं, हॉटेलचं आरक्षण... महिनोन्‌महिने आधी तयारी सुरू होते. १५६५ साली तुर्कांनी घातलेल्या वेढ्याची हकिकत वाचली जाते, कोणता किल्ला कोणत्या दिवशी पाहायचा याची वही तयार होते. इतका खर्च करून गेल्यावर चार दिवस मुक्काम हवाच!

आता दुसरं चित्र पाहा. म्हैसूर-उटी-कूर्गची सहल. बस श्रीरंगपट्टणला थांबते आणि गाइड बजावतो, 'चाळीस मिनिटांत परत या!' मंडळी घाईघाईने रंगनाथाचं दर्शन घेतात, फोटो काढतात. आपण कावेरीच्या दोन पात्रांमधल्या बेटावर उभे आहोत, हे अनेकांच्या लक्षातही येत नाही. आणि कूर्गच्या वाटेवरचं हुणसूर? ते तर फक्त चहापुरतं.

वास्तविक या दोन बेटांची गाठ इतिहासानेच घातली आहे. इजिप्तच्या स्वारीवर निघालेल्या नेपोलियनने जून १७९८ मध्ये वाटेत माल्टा जिंकलं. पुढे जानेवारी १७९९ मध्ये त्याने कैरोहून टिपू सुलतानाला पत्र लिहिलं. ते इंग्रजांच्या हाती पडलं, टिपूपर्यंत पोचलंच नाही. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडलं आणि टिपू लढता लढता मारला गेला.

मग या बेटाची सहलही माल्टाइतक्याच तयारीने का आखू नये?

सुरुवात हुणसूरपासून करावी. म्हैसूरच्या पश्चिमेला सुमारे ४५ किलोमीटरवर, लक्ष्मणतीर्थ नदीकाठी हे गाव आहे. हीच नदी पुढे कृष्णराजसागरात कावेरीला मिळते आणि तेच पाणी बेटाकडे जातं. एकेकाळी हुणसूर हे अमृतमहाल खात्याचं ठाणं होतं. अमृतमहाल म्हणजे म्हैसूरच्या फौजेच्या तोफा आणि रसद ओढणारे चपळ, काटक बैल. दिसायला आपल्या खिलाराच्या जवळचे. वाडियार राजांच्या काळात दूध-लोण्यासाठी पाळलेली ही गुरं हैदरअलीने लष्कराच्या कामाला जुंपली. 'अमृतमहाल' हे नाव टिपूने दिलं. १७९९ नंतर हे कळप इंग्रजांकडे गेले.

बैलांना एवढं महत्त्व कशाला, असं वाटेल. पण मे १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस बेटाच्या तोंडाशी येऊन परत फिरला, तो बैलांमुळेच. दाणावैरण संपली, जनावरं पटापट मेली, आणि वेढ्याच्या जड तोफा त्याला स्वतःच निकामी करून टाकाव्या लागल्या. नेमकी त्याच वेळी हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची मराठी फौज मेलुकोट्याजवळ येऊन मिळाली. मराठ्यांच्या छावणीतल्या बाजारात धान्य भरपूर होतं. भाव मात्र चढे होते! पुढच्याच वर्षी, मार्च १७९२ च्या तहात टिपूला निम्मं राज्य आणि दोन मुलगे ओलीस द्यावे लागले. त्या राज्याचा वाटा पेशव्यांनाही मिळाला.

आणि नंतर? २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातल्या असईला आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या मोहिमेत त्याची भिस्त म्हैसूरच्या बैलांवर होती. ज्यांना मदत केली, त्यांनीच बारा वर्षांत आपल्याकडे तोफा वळवल्या. हा धडा चाळीस मिनिटांत कसा कळणार?

मुलांना सांगताना मात्र हातचं राखू नये. १७९१ च्या मोहिमेत परशुरामभाऊंच्या फौजेबरोबरच्या लुटारूंनी शृंगेरीचा मठ लुटला आणि टिपूने मठाला मदत पाठवली, हे खरं. त्याच टिपूने कूर्गमधली हजारो माणसं कैद करून या बेटावर आणली, हेही तितकंच खरं. दोन्ही सांगितलं तरच इतिहास सांगितल्यासारखं होईल.

आता आखणी. कूर्गहून परतताना हुणसूरनंतर येलवाळला वळलं, तर म्हैसूर शहरात न शिरता कृष्णराजसागरावरून बेटावर पोचता येतं. संध्याकाळी बेटाच्या पूर्व टोकाला संगमावर जावं. रात्रीचा मुक्काम बेटावर किंवा जवळपासच करावा. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला, रंगनाथाचं देऊळ, पाणदरवाजा, कैद्यांचं तळघर आणि टिपूचा मृतदेह सापडला ती जागा पाहावी. दुपारी १७८४ सालचा दर्यादौलत बाग. तिथल्या सागवानी महालात १७८० च्या पोल्लिलूर लढाईची भित्तिचित्रं आहेत. टिपूनंतर वेलस्ली याच महालात राहत असे. शेवटी हैदर-टिपूंच्या कबरींचा गुंबज. वेळ उरला तर रंगनतिट्टूचं पक्षी अभयारण्य अगदी जवळ आहे. ते सलीम अलींच्या प्रयत्नाने १९४० साली झालं.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. पावसाळ्यात धरणाचं पाणी सोडलं, की रंगनतिट्टूच्या होड्या बंद होतात, तेव्हा आधी चौकशी करावी. बंगळूर-म्हैसूर लोहमार्गावर श्रीरंगपट्टण स्थानक आहे, पण तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत. मोटारीने जाणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. २०२३ साली खुला झालेला द्रुतगती मार्ग गावाला वळसा घालून जातो. वळण चुकलं, तर चाळीस मिनिटंही मिळणार नाहीत!