मोडलेली ठेव आणि न वाकणारा गुडघा

तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यांवर २००० व २००१ साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाल्या, तेव्हा कृत्रिम सांध्याची चर्चा घरोघरी झाली. आमच्या जबलपुरातही त्यासाठी मुदत ठेव मोडणारे ज्येष्ठ भेटतात. नंतरची फिजिओथेरपी मात्र त्यांना उधळपट्टी वाटते! हे मला पटत नाही.

पहिल्या काही आठवड्यांत व्यायाम टाळला तर सांध्याभोवतीच्या ऊती आखडतात आणि सांधा उत्तम असूनही गुडघा वाकत नाही. सपाट रस्त्यावर ६०-७० अंश वाकणे पुरते. ग्वारीघाटाच्या पायऱ्यांना सुमारे ९० लागतात. दुखते म्हणून मुले आईला ‘पडून राहा’ म्हणतात. माया खरी, पण महागात पडणारी. ठेव मोडतानाच फिजिओथेरपीची रक्कम बाजूला काढावी, आणि नर्मदेपर्यंत उतरायचे आहे, हे पहिल्याच दिवशी उपचारकांना सांगावे.